डावं फूल

गाय ढोलासारखी फुगून पडली होती, जीभ बाहेर आली होती, आणि हा माणूस ढोरांच्या डॉक्टरला बोलवावं की नाही, हे देवीला विचारत बसला होता. हा आमचा भाजीवाला अण्णा. हेब्बाळच्या तळ्यामागे दीड एकरात पालक-कोथिंबीर लावायचा. तेव्हा तिथे आजचा उड्डाणपूल नव्हता, शेतं होती. एवढा देवभोळा माणूस मी साऱ्या बेंगळुरात दुसरा पाहिला नाही, आणि एवढा रागही मला दुसऱ्या कुणाचा आला नाही. पायात चप्पल नाही, घरात दोन वेळचं धड नाही, पण भाजीची पहिली जुडी कडुलिंबाखालच्या शेंदूर फासलेल्या देवीला. गारांनी कोथिंबीर झोपली तर म्हणाला, "अक्का, यंदा कापायचे श्रम वाचवले तिने." विहीर आटली तर म्हणे, देवी गाळ काढायला सांगतेय. "तुझ्या देवीला रोजच्या पालकाने वात होत नाही का रे?" मी विचारायची. तो हसायचा. त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरायचं.

त्या दिवशी कोथिंबीर आणायला गेले तेव्हा गायीसाठी हा कौल लावणं चाललेलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची; उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. डावं पडलं.

"सरी, बरं," अण्णा म्हणाला. "डॉक्टर नको म्हणते."

बायको पदर तोंडात कोंबून रडत होती. सात महिन्यांची गाभण गाय, पुढचं सगळं वर्ष तिच्या दुधावर.

"वाऱ्याने पडलं ते. थांब, मी उजवं पाडते."

"थट्टा नको, अक्का."

"थट्टा कुठली? गाय मरतेय."

मी तरातरा घरी गेले, फोन केला, डॉक्टरला आणवलं. त्याने गायीच्या डाव्या कुशीत जाड सुई खुपसली. फुस्सकन वारा निघाला, आणि थोड्या वेळाने गाय उठून उभी राहिली.

अण्णाचा चेहरा उजळला. "पाहिलंत? देवीने डावंच दाखवलं होतं. सुई कुठे घालायची ते. मी मूर्ख, मला कळलं नाही."

एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी गाय गाभडली. मेलेलं वासरू त्याने कडुलिंबाखाली पुरलं आणि त्या दिवशीची पहिली जुडी त्या मातीवर ठेवली. आता कुठलं फूल पडलं, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण तो त्या मातीवरून हात फिरवत बसला होता. मी कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

गाय जगली.