सोपानचं साल

“आजोबा, हा कुठल्या सालचा?” मोबाइलवर जुना सिनेमा बघता बघता नातवानं विचारलं, आणि मला पिंपरीच्या कारखान्यामागची कडुलिंबाची सावली आठवली.

जेवणाच्या सुट्टीत तिथं ठेच्याच्या वासात आमचा एकच वाद रंगायचा: सिनेमाचं सगळ्यात भारी साल कोणतं? मी दापोडीचा, रेल्वेनं पुण्याला जाऊन पहिलाच खेळ गाठणारा. माझं साल त्रेपन्न, आणि ते खोडायची कुणाची टाप नव्हती.

एकदा चाकणकडचा सोपान भाकरी मोडता मोडता म्हणाला, “न्हाई राव, औंदाचंच साल भारी. आमच्या जत्रंत तंबू आलाय. धा पिच्चर बघितले.”

त्यानं नावं सांगितली तसा मी खो खो हसलो. “अरे, हे सगळे चार वर्षांपूर्वीचे. शिळे!”

सोपान चिडला नाही. “तुमी रडला तवा ते ताजं व्हतं. आमी काल रडलो, मंग शिळं कसं?”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मात्र त्रेपन्नचा हेका सोडला नाही.

आज नातवाचे डोळे भरून आले होते. सिनेमा माझ्या त्रेपन्नचाच होता.

“यंदाचा,” मी ठणकावून सांगितलं.