अंतरपाटाची दुसरी बाजू

गंगाखेडला भाचीचं लग्न ठरलं आणि मी फोनवर बोलून बसले, "अंतरपाट माझ्याकडून." मुक्ताला भाड्याचा मखमली पडदा नको होता. "मावशी, तुझ्या हातचाच हवा," म्हणाली. मग काय! मोराचं एक पीस भरायचं, उठून ब्लाउजला इस्त्री करायची, पुन्हा सुई हातात घ्यायची. आमचे हे गाडीत हवा भरून आले, तरी दुसऱ्या मोराला पाय नव्हते.

"बसलेला मोर आहे म्हणून सांग," हे म्हणाले.

छत्रपती संभाजीनगरहून पहाटेच निघालो. जालना, मंठा, देवगाव फाटा, जिंतूर असा रस्ता. याच वाटेनं जाणार असाल तर जालन्यापर्यंत भरतकाम खुशाल करा. पुढे गाव आलं की गतिरोधक येतो आणि सुई बोटात जाते. फाट्यावर गरम भजी आणि चहा, दोघांचं शंभरात भागलं. जिंतूर यायच्या आत मोर पायांवर उभा राहिला.

बोरीला माझा थोरला भाऊ आणि वहिनी गाडीत बसणार होते. अंगणातल्या बाजेवर मी ऐटीत अंतरपाट पसरला.

"लय झकास झालंय, वन्सं!" वहिनींनी कौतुकानं हात फिरवला. मग कापड उलटून बघितलं. "पन नवरदेवाला ह्या गाठीच दिसनार की!"

मी वाकून बघितलं. कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी दुपारी सिस्टर आम्हाला भरतकाम शिकवायच्या. खिडकीतून लिंबोळ्यांचा वास यायचा आणि आम्ही मुली माना खाली घालून टेबलक्लॉथ नाहीतर उशांचे अभ्रे भरत असायचो. त्यांची उलटी बाजू कोण बघतं? अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, हे एवढी लग्नं जेवूनही मला सुचलं नव्हतं. त्यात मुक्ता फटकळ. सासरी पोरीचं कसं होणार, या धास्तीनं तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण सुधा, आधीच अर्धी झालेली. आता पहिल्याच दिवशी नावं ठेवायला लोंबते दोरे मी पुरवणार होते!

वहिनी घरात गेल्या आणि दादाचं कोरं धोतर घेऊन आल्या. "ह्याचं अस्तर लावू."

"अगं, ते मला लग्नात नेसायचंय! नवरीचा मामा हाय मी!" दादा ओरडला.

"मामा नवरीच्या मागं उभा ऱ्हातो. तिथं कोन बघायलंय? पायजमा घाला."

मागच्या सीटवर दोघी दोन टोकांनी टाके घालत निघालो. परभणीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या आणि गाडी रांगू लागली. हे चिडले, पण आमचे टाके सरळ आले. गंगाखेड येईस्तोवर अस्तर लागलं होतं. (गंगाखेडला रेल्वेनंही येता येतं. लग्नसराईत राहायची सोय मात्र आधी विचारून ठेवा.)

दुसऱ्या दिवशी मांडवात नवरदेवाच्या आत्याबाईंनी अंतरपाट हातात घेतला. ही बाजू बघितली, ती बाजू बघितली.

"तुमच्या पोरीकडं मोर, आन् आमच्या पोराकडं नुसतं पांढरं व्हय?"

सुधानं माझ्याकडे बघितलं. मी दादाच्या पायजम्याकडे. तेवढ्यात मुंडावळ्या सावरत मुक्ताच पुढे आली. हातात कुंकवाची वाटी.

"आत्याबाई, तुमची बाजू तुमच्यासाठीच कोरी ठेवलीय. स्वस्तिक तुमच्याच हातचं पायजे."

आत्याबाईंनी पदर खोचला. कुंकू कालवलं, बोट बुडवलं आणि असं स्वस्तिक काढलं की एक हात लांब, एक आखूड, एक पार कोपऱ्यात निघालेला. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी ते डोळे भरून पाहिलं. त्यानंतर मांडवात येईल त्याला त्या एकच बाजू दाखवत होत्या. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला. दादाचा पायजमा कोणाच्याही लक्षात आला नाही.

घरी आल्यावर चार दिवस मी सुईला हात लावला नाही. बुंदीचे लाडू खात, सिस्टरांना आज हे मोर दाखवता आले असते तर, असं मनात येत राहिलं. मग मुक्ताचा फोन आला. सासरी बैठकीच्या खोलीत तिनं अंतरपाट भिंतीला लावलाय.

"मोर छान दिसतात ना गं?" मी विचारलं.

"मावशी, मोर भिंतीकडे आहेत. स्वस्तिक बाहेर. आत्याबाई समोरच्याच घरात राहतात."

मी हातातला लाडू खाली ठेवला.

"रुसू नकोस. त्या गावाला गेल्या की फिरवते."

फोन ठेवला आणि सुधाला लावला. तिला म्हटलं, "आता निवांत झोप. पोरगी नांदणार."