तोंडावरचा रुमाल

“बाई, रुमाल धरा तोंडावर, मग बोला. तुमच्यात सकाळी सकाळीच मटण असतं काय?”

वसमतच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. मीटिंगमध्ये नव्या पुस्तकांची यादी वाचत होते. शेजारीच बसलेले संस्थेचे सचिव मध्येच असं बोलले. सगळे हसले. मीही थोडी हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

मटण नव्हतं. दोन उकडलेली अंडी आणि दही. महिन्यापूर्वी मला साखर निघाली होती. आईचे डोळे याच आजारानं गेलेले, म्हणून घाबरून मी भाकरी, भात, सगळं बंद केलं. साखर उतरली. तोंडाला मात्र नासलेल्या फळासारखा वास येऊ लागला. ब्रश, लवंग, बडीशेप. जाईना.

त्या दिवसापासून रुमाल हातातच. घरीसुद्धा.

आई अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून तिला वाचून दाखवायचे. आता खुर्ची दाराजवळ ओढली. रुमालाआडून वाचू लागले.

“काहून दूर बसलीस? ऐकू येऊन न्हाई राहिलं.”

“तोंडाला वास येतो, माय.”

तिनं माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, “मालकाच्या शेतातल्या आखाड्यावर आमी हळद शिजवायला जायचो. त्याच्याशी बोलताना तोंडावर पदर. आमचा श्वास चालत नव्हता त्याला. तुला यासाठी शिकवलं व्हय?”

तरी मी खुर्ची सरकवली नाही. उद्या, म्हटलं. आठवड्याभरात ती गेली. पुस्तकाची अकरा पानं राहिली.

जलदानविधीच्या दिवशी तिच्याबद्दल चार शब्द बोलायला उभी राहिले. हात आपोआप तोंडावर गेला. खाली बसले.

नंतर डॉक्टर म्हणाले, एकदम सगळं तोडलं की असा वास येतो. पाणी भरपूर प्या, दुपारी अर्धी भाकरी घ्या. एवढंच होतं.

पुढच्या मीटिंगला वास थोडा होताच. सचिवांनी नाकाशी बोट नेलं. “बाई, रुमाल?”

मी पर्समधून काढला. घडी करून त्यांच्यापुढे ठेवला.

“घ्या सर. तकलीफ तुमाला आहे, तुमी धरा.”

कुणी हसलं नाही. मी यादी वाचली. शेवटच्या नावापर्यंत.

रुमाल तिथंच राहिला. त्या संध्याकाळी खुर्ची आईच्या रिकाम्या खाटेच्या उशाशी नेली आणि ती अकरा पानं मोठ्यानं वाचली. तिला ऐकू गेली नाहीत, हे मला माहीत आहे. कुणाच्या नाकासाठी मी आता तोंड झाकणार नाही.