शिकाऊ मुली आणि आमची चहाची खोली

हे गेले त्या वर्षी मी वाशीच्या एका हॉस्पिटलात बायकांच्या सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. रबाळ्याच्या कारखान्यात हे पहिल्या पाळीला गेले आणि दुपारी त्यांच्या फोरमनचा फोन थेट वॉर्डात आला. छातीत दुखलं, बसले, आणि संपलं. दिवसकार्य उरकून मी कामावर रुजू झाले. रडू आलं नाही. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते, आत काही हलतच नव्हतं. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर हिरडीला जीभ लावून बघतो, तशी मी अधूनमधून यांची आठवण काढून बघायची. काही लागायचं नाही.

त्याच सुमाराला नर्सिंग स्कूलच्या नव्या मुली वॉर्डात शिकायला आल्या. कडक इस्त्रीचे युनिफॉर्म, तेल लावून घट्ट बांधलेले केस, आणि प्रत्येक गोष्टीला "हो सिस्टर". माझ्या हाताखाली एक वयाने मोठ्या स्टाफ नर्स होत्या, त्यांना आम्ही ताई म्हणायचो. हात अतिशय हलका, सुई टोचलेली पेशंटला कळायची नाही. पण चहाच्या खोलीत मुली आल्या की त्या सुरू व्हायच्या.

"कशाला आलात गं इथे? डीएड करा, शिक्षिका व्हा. पाठ जाते, पाय जातात, घरचे विचारत नाहीत. डॉक्टर ओरडतात ते वेगळंच. अजून वेळ आहे, निघा."

बाकीच्या स्टाफ नर्स हसायच्या. मुली कपाकडे बघत बसायच्या.

त्यांतली एक दिघ्याहून यायची. बाप एका केमिकल कंपनीत कामाला, घरात आगरी बोली. आमच्याशी बोलताना ती जपून, शब्द तपासून बोलायची. पहिल्याच आठवड्यात तिला मी एका आजीच्या ड्रेसिंगला उभं केलं. आजी मिठागराकडच्या गावातल्या. शुगरमुळे पाय सडलेला, दोन बोटं आधीच काढलेली. पट्टी सुटली आणि वास आला तशी मुलगी बेसिनकडे धावली. तिच्या ओकाऱ्या सगळ्या वॉर्डाने ऐकल्या. आजींनी तोंड भिंतीकडे केलं आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.

"ही काय टिकत नाही," ताई तिच्यादेखतच म्हणाल्या. "बरं झालं, लवकर कळलं."

दुसऱ्या दिवशी ती साध्या ड्रेसमध्ये आली. बरोबर आई होती. "सिस्टर, मी सोडते," एवढंच म्हणाली. आई म्हणाली, "राती जेवली नाय ती. तुमीच काय ते सांगा."

चांगल्या सिस्टरने अशा वेळी काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. आधी मी ते पुष्कळदा बोललेही होते: सेवा, धीर, सगळ्यांनाच सुरुवातीला होतं. त्या सकाळी त्यातलं काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "सोडायचं तर सोड. पण आजी कालपासून रुसल्यात. त्यांना भेटून जा."

ती घाबरत खाटेशी गेली. मी मागे उभी राहिले. "आजी, माझं चुकलं. मला वास सहन नाय झाला."

आजींनी मान वळवून तिला नीट पाहिलं. "मना पन येतो वास. पाय माझाच हाय, मी कुटं पलू?"

मुलगी उभीच राहिली. मग हळूच तिने आपल्या बोलीत आजींचं गाव विचारलं. तिची मावशी त्याच गावात दिलेली निघाली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. बाकावर बसलेल्या आईला मी घरी जायला सांगितलं.

तिच्या अंगावर युनिफॉर्म नव्हता म्हणून ड्रेसिंगच्या वेळी मी तिला माझा एप्रन दिला. दोन मास्क एकावर एक, मधे निलगिरीचा थेंब. "तोंडाने श्वास घे. सगळी जखम एकदम बघू नकोस, कड बघ. कडेला लाल दिसलं की मांस भरतंय. काळं दिसलं तर मला सांग." ती शेवटपर्यंत थांबली.

चहाच्या खोलीत ताईंना मी म्हटलं, "मुलींसमोर तेवढं नका बोलू."

त्या चिडल्या नाहीत. "मला कुणी सांगितलंच नव्हतं गं. म्हणून मी सांगते." मग म्हणाल्या, "आणि तू या मुलींना थांबवून घेतेस, ते कशाच्या जोरावर? तुला काय राहिलंय इथे?"

"काही नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. आम्ही दोघींनी चहा संपवला.

त्यांचं बोलणं काही थांबलं नाही. मी मात्र रोज मुलींना खाटेशी नेऊन एकेक काम दाखवत राहिले. दुसरं काही मला सुचत नव्हतं. एका दुपारी दिघ्याची मुलगी आणि मी गॉजच्या घड्या घालत बसलो होतो. मी अचानक म्हटलं, "माझे मिस्टर गेले." इतक्या महिन्यांत आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं.

"माहीत हाय सिस्टर. सगल्यांना माहीत हाय," ती म्हणाली. माझ्यासमोरचा अर्धा गठ्ठा तिने आपल्याकडे ओढून घेतला.

आजींचा पाय अखेर घोट्याच्या वरून काढावा लागला. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या, कुबड्यांवर. त्या बॅचमधली एक मुलगी खरोखरच सोडून डीएडला गेली, आणि सुखात आहे असं ऐकलं. दिघ्याची मुलगी पास होऊन उरणच्या बाजूला एका नर्सिंग होममध्ये लागली. न्हावा शेवा बंदराच्या ट्रकवाल्यांचे अपघात तिथे यायचे. नोकरी लागल्याचं सांगायला ती माझ्या घरी आली होती. मला आनंद झाला का, नक्की सांगता येत नाही. मी तिला जेवूनच जा म्हटलं. भात लावला आणि ताटं घ्यायला उठले तेव्हा लक्षात आलं, यांच्यानंतर मी पहिल्यांदाच घरात दुसऱ्या कुणासाठी ताट घेत होते.