चंद्रकांताचं पाणी

आत्याच्या अंगठीतला चंद्रकांत दिसायला दुधाच्या थेंबासारखा. बोट जरा वळवलं की आतून निळसर झाक सरकते. या दगडात म्हणे अतिशय पातळ थर असतात आणि उजेड त्यांच्यात घोटाळत राहतो. आत्याचं म्हणणं वेगळं: चांदण्यात हा खडा पाझरतो. खडा हातात असला की मला तिचंच जास्त पटतं. गावी दर पौर्णिमेला ती अंगठी वाटीत घालून अंगणात ठेवायची आणि सकाळी वाटीतलं पाणी डोळ्यांना लावायची. ते दव असतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आता ती माझ्याकडे फ्लॅटमध्ये राहते. डोळे जवळजवळ गेलेत. काल पौर्णिमा म्हणून तिने वाटी बाल्कनीत ठेवायला लावली. डोक्यावर स्लॅब, तिथे दव पडणार कुठून? सकाळी वाटी कोरडीच होती. गुपचूप चमचाभर पाणी घातलं आणि वाटी तिच्या हातात दिली.

तिने बोट बुडवलं आणि हसली.

"इतका नाही रे पाझरत तो," म्हणाली. "पण लाव. तुझंही चालेल."