हार्बिनमध्ये बूट काढून

माझ्या सासऱ्यांना रशियन भाषा येते की नाही, हे तपासायला मी त्यांना चीनला नेलं.

नाना पुण्याजवळच्या एका कारखान्यात भाषांतरकार होते. रशियाहून यंत्रं यायची, यंत्रांबरोबर जाडजूड माहितीपुस्तकं यायची आणि नाना ती मराठीत उतरवायचे. ही भाषा त्यांना ज्या मास्तरांनी शिकवली ते स्वतः कधी मनमाडच्या पलीकडे गेले नव्हते. पुढे मॉस्कोला माणूस पाठवायची वेळ आली तेव्हा नानांच्या जागी साहेबांचा मेहुणा गेला (त्याला रशियन येत नव्हतं, पण त्याच्याकडे ओव्हरकोट होता). नंतर तर तो देशच उरला नाही. अख्ख्या नोकरीत नाना एकाही रशियन माणसाशी बोलले नाहीत. मित्र विचारायचे, "नाना, तुमचं ते रशियन रशियात चालतं का हो?" नाना हसायचे. घरी आल्यावर हसायचे नाहीत.

२००६ च्या हिवाळ्यात ते आमच्याकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आले. एकदा जेवताना आमटी ढवळत म्हणाले, "चुकीचं शिकलो असलो, तर आता कळलेलं बरं. मागाहून कोण सांगायला येणार?"

मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, पोळी तव्यावरच ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी गाड्यांच्या दारांना लावायचं रबरी बीडिंग बनवणाऱ्या कंपनीत आहे. कडाक्याच्या थंडीत रबर कसं वागतं, हा माझा अभ्यासाचा विषय. त्याच महिन्यात चिनी इंजिनियरांना हे ज्ञान द्यायला कंपनी मला उत्तर चीनमधल्या हार्बिनला पाठवत होती. हे शहर रशियनांनी रेल्वे टाकताना वसवलं, एवढं मी इंटरनेटवर वाचलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी जाहीर केलं, "हार्बिन म्हणजे रशियाच, नाना. पत्ता तेवढा चीनचा."

"आणि थंडी?" मंजिरीने विचारलं.

"आपण मिशिगनचे आहोत," मी म्हणालो. (मिशिगनची थंडी मी गाडीच्या काचेतून पाहतो.)

हार्बिनमध्ये रशिया होता, पण दुकानांत. लाकडी बाहुल्या होत्या, चॉकलेटं होती, उशीएवढाले पाव होते. नानांनी पाववालीशी अदबीने दोन वाक्यं बोलून पाहिली. तिने आणखी एक पाव दिला. हॉटेलच्या दारात रशियन थाटाची फरटोपी घातलेला दरबान होता. नानांनी त्याची विचारपूस केली, तर तो त्यांना हाताला धरून टॉयलेटपर्यंत सोडून आला.

दुसऱ्या दिवशी नाना बोलेनासे झाले. नदी गोठली होती आणि तिच्यावरून घोडागाड्या चालल्या होत्या. सगळं जग फोटो काढत होतं. नाना शोकसभेला आल्यासारखे उभे होते.

"इथले रशियन केव्हाच गेले," ते म्हणाले. "मला यायला उशीर झाला."

मंजिरीने माझ्या हातातला कॅमेरा काढून पिशवीत टाकला. म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "एक चर्च आहे. हिरव्या घुमटाचं. अस्सल रशियन."

चर्चच्या पायरीशी नाना थांबले, वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले.

"नाना, अहो, इथे बूट घालूनच जातात."

"देवाच्या दारात?"

"देव आता नाही इथे. म्युझियम केलंय."

"म्हणजे तो गेला म्हणून आपण बूट घालून फिरायचं?" नाना म्हणाले. "तुम्ही जा तसेच, जावईबापू. माझा आग्रह नाही."

मंजिरीने मला कोपर मारलं. "काढ रे. ते मोज्यांवर आणि तू बुटात, बरं दिसेल का?"

"आणि तू?"

"मला सायनस आहे."

उणे पंचवीस तापमानात आम्ही दोघांनी बूट पायरीवर शिस्तीत मांडले आणि आत गेलो. आतली फरशी लोकांच्या बुटांवरून वितळलेल्या बर्फाने ओली होती. नानांनी घुमटाखाली हात जोडले. मीही जोडले, माझे मोजे भिजल्याचं दुःख आवरत. भिंतीवरचे सगळे फोटो नानांनी नीट पाहिले. ज्यांच्याशी बोलायचं राहून गेलं होतं ती माणसं तिथे होती, चौकटीत.

बाहेर आलो तर बुटांची लाकडं झाली होती. नानांचा पाय टाचेपर्यंतही जाईना. माझा एक मोजा पायरीला चिकटला. थंडीत रबर कडक होतं, हे मी चिनी लोकांना सांगायला आलो होतो. नाना खांबाला टेकले. त्यांची बोटं पांढरी पडली होती, आणि आता मात्र मला भीती वाटली.

"नाना, काही जाणवतंय का?"

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "बरं वाटतंय."

एवढ्यात सरहद्दीपलीकडून सहलीला आलेल्या घोळक्यातली एक जाडजूड आजीबाई सरळ आमच्या अंगावर चालून आली. ती ओरडत होती. तिने नानांना दंडाला धरून दाराआडच्या बाकावर बसवलं, ओले मोजे ओढून काढले आणि आपल्या शालीने पाय चोळायला सुरुवात केली. तोंड चालूच. नाना एकटक ऐकत होते.

"नाना," मंजिरी कुजबुजली, "रशियन आहे ती. बोला ना."

नानांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. सगळी हयात ज्या क्षणासाठी गेली, त्या क्षणी माणूस मुका झाला. आजीबाईने पिशवीतून लोकरीचे मोजे काढून त्यांच्या पायात चढवले आणि बूट उचलले. तेव्हा नाना ताठ बसले आणि एक लांबलचक वाक्य बोलले.

ती थांबली. तिने नानांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि इतकी हसली की तिची टोपी सरकली. मग जाऊन तिने नानांचे बूट हीटरवर ठेवले.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"लेथ यंत्राच्या पुस्तकातलं आठवलं," नाना म्हणाले. "जोडणीपूर्वी दोन्ही भाग गरम करून घ्यावेत."

"आणि तिला कळलं?"

"शब्दन् शब्द." त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "ती ओरडत होती ना, तेही मला शब्दन् शब्द कळलं."

मग ती दोघं बाकावर बसून बोलत राहिली, आमचा एक पाव खात. मी बाजूला एका पायावर उभा, काखेत बूट. मध्येच तिने माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. नानांनी एका शब्दात उत्तर दिलं. तिने मान हलवली आणि बरंच काही बोलली.

ती गेल्यावर मी विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणत होती?"

"हा कोण, म्हणाली. जावई, म्हटलं." भाषांतराच्या बाबतीत नानांनी कधी लबाडी केली नाही. "तिलाही असाच एक आहे म्हणे. म्हणून ती घराबाहेर पडताना मोज्यांची एक जोडी जास्तच घेते."

ती जोडी नानांच्या पायांत होती. मला तिने नुसतं ओळखलं होतं.