ठमीसाठी उपाशी ठेवलेले मासे

लिफ्टमिस्त्री निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बायकोला धडकीच भरली होती. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींतून वरखाली करणारा माणूस आता दिवसभर दोन खोल्यांत काय करणार? ती घरीच पडदे शिवायची. मशीनसमोर कापडाचा डोंगर पसरलेला असायचा आणि त्यात कुणी पायात पायात आलेलं तिला मुळीच खपायचं नाही. पण मिस्त्रींनी तिला तो त्रास दिला नाही. महिन्याभरात ते गच्चीवर गेले आणि तिथे त्यांनी मासे पाळायला घेतले.

याचं कारण ठमी. कागदोपत्री तिचं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण घरात ते कुणी कधी वापरलं नाही. एकुलती एक मुलगी, चार वर्षांपूर्वी परदेशी गेलेली. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. तिथे पोचायला दोन विमानं बदलावी लागत, त्यामुळे जाणं जितकं अवघड तितकंच येणंही. एका रविवारी ती फोनवर म्हणाली, "बाबा, इथला मासा म्हणजे बर्फात ठेवलेला पुठ्ठा रे. तळला तरी पुठ्ठाच लागतो. ताजा मासा खाऊन किती दिवस झाले."

बोलून ती विसरलीही असेल. पण मिस्त्रींचा जन्म तक्रारी ऐकण्यात गेलेला. कुणी म्हणालं, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर हिसका देते, की हे पिशवी उचलून निघणार. लेकीने मासा नाही म्हटलं म्हणजे ती तक्रारच होती आणि तिच्यावर काहीतरी इलाज करायला हवा होता.

"ती येईल तेव्हा बाजारातून आणू की," बायको म्हणाली.

"बाजारातला मासा कधी मेला, कुणी सांगावं? ती ताजा म्हणाली."

"मग मी गप्प बसते," असं म्हणून ती पुढचा अर्धा तास बोलत राहिली.

मिस्त्रींनी गच्चीच्या कोपऱ्यात हजार लिटरची टाकी बसवली. पाण्यात हवा सोडणारा पंप स्वतः जोडला, पक्ष्यांनी डल्ला मारू नये म्हणून वर जाळी ताणली. मग एका मत्स्यबीज विकणाऱ्या बाईकडून तिलापियाची चाळीस पिल्लं आणली. बोटाएवढी असतात म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. बाई मोठी बोलकी होती. तिने हवा भरलेली पिशवी हातात दिली आणि सोबत सल्लाही दिला. "सगळे नर निवडून दिलेत, काका. मादी मिसळली असती तर टाकीत नुसती पोरंच पोरं झाली असती, खायला मासा मिळाला नसता. आणि एक लक्षात ठेवा. टाकीतून काढला की तव्यावर टाकला, असं करू नका. टाकीतल्या माशाला चिखलाचा वास असतो. तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवायचा, खायला काही द्यायचं नाही. पोट रिकामं झालं की वास जातो."

मिस्त्रींनी हे वेदवाक्य मानलं. एका हॉटेलने काढून टाकलेला आंघोळीचा टब होता, तो त्यांनी याच कामासाठी मिळवला. टब लिफ्टमध्ये मावेना. जन्मभर लिफ्टची सेवा केलेल्या माणसाला तो टब डोक्यावर घेऊन चार मजले जिने चढावे लागले. नळाचं पाणी त्यात भरायचं, एक दिवस उघडं ठेवायचं म्हणजे पाण्यातलं औषध उडून जातं, आणि मग त्यात मासे सोडायचे.

दिवस माशांच्या वेळापत्रकाने जाऊ लागले. सकाळी खाद्याच्या गोळ्या, दुपारी गोळ्या, संध्याकाळी पाण्याचा वास घेऊन बघायचा. पाणी हिरवं झालं की थोडं काढून थोडं ताजं घालायचं. मिस्त्रींची सावली टाकीवर पडली की मासे तोंडं वर काढून गर्दी करायचे, आणि मिस्त्री त्यांना दटावायचे, "थांबा, थांबा. घरात काय दुष्काळ पडलाय?"

खरं तर माशांनी त्यांच्यावर एक मोठाच उपकार केला होता. चार वर्षांत बाप-लेकीचं बोलणं पार वाळून गेलं होतं. जेवलीस का? जेवले. थंडी आहे का? आहे. तब्येत? बरी आहे, बाबा. मग दोन्हीकडे शांतता, आणि ती शांतता मिस्त्रींच्या छातीवर बसायची. फोन ठेवल्यावर त्यांना आठवायचं की हे सांगायचं राहिलं, ते विचारायचं राहिलं. पण पुढच्या रविवारी पुन्हा जेवलीस का. आता निदान सांगायला काही होतं. एक मासा पावशेराचा झाला, एकाने जाळीवर उडी मारली, पाणी गढूळ झालं होतं ते आता निवळलं. ठमी म्हणायची, "हो का? मस्त." मिस्त्री तो "मस्त" आठवडाभर पुरवून पुरवून वापरायचे.

आठेक महिन्यांत मासे ताटाएवढे झाले. ठमीने तारीख कळवली. मिस्त्रींनी सगळ्यांत दणकट आठ मासे निवडले आणि टबात सोडले. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. रजा नामंजूर झाली होती. मिस्त्री "बरं बरं, कामं आधी" म्हणाले, वर गेले, आणि आठही मासे पुन्हा टाकीत टाकून त्यांना मूठभर गोळ्या जास्त घातल्या.

तीन महिन्यांनी दुसरी तारीख आली. या वेळी तिकीट काढलेलं होतं. मिस्त्रींना धीर निघेना, त्यांनी मासे लवकरच टबात सोडले आणि ते पुरे तीन दिवस उपाशी राहिले. बायकोने ठमीच्या खोलीला नवे पडदे शिवून लावले. आणि निघायच्या आदल्या दिवशी कळलं की कवळ्यांचं मोठं काम अचानक आलंय, साहेबांनी थांबवून घेतलं. ठमी फोनवर रडवेली झाली होती. बायकोने तिची समजूत घातली आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, "कुठल्या तरी चार बोळक्या म्हाताऱ्यांना दात मिळाले. आपल्याला पोरगी नाही मिळाली."

"माशांना सोडून येतो," मिस्त्री म्हणाले.

"अहो, आपण दोघं माणसं नाही का? उपाशी ठेवलेच आहेत तर एखादा काढा, खाऊ."

"टाकीत दुसरे आहेत ना. त्यातला काढतो."

टाकीतले दुसरे हळूहळू संपले. काही त्यांनी खाल्ले, काही शेजाऱ्यांना वाटले. शिल्लक राहिले ते आठच, आणि त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. दोनदा उपाशी राहिल्याने ते जरा रोडावले होते. मिस्त्रींना त्यांच्याकडे बघून अपराध्यासारखं वाटायचं. मुलगी येत नव्हती ते ठीक, पण तिच्या नावाने या मुक्या जिवांचे हाल कशाला? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी बायकोला जाहीरच करून टाकलं, "आता ठमी विमानात बसल्याचा फोन येईल, तेव्हाच मासे टबात जातील. तिला पोचायला दीड दिवस लागतो. आल्यावर दीड दिवस थांबेल, मग खाईल. कुठे पळून जाणार आहे?"

टब पालथा घालून ठेवला गेला.

आणि एका मंगळवारी सकाळी साडेदहाला दारात ठमी उभी. हातात एक छोटी बॅग, केस आखूड कापलेले, चेहरा प्रवासाने उतरलेला. बायको मशीनवरून उठली ती हातातल्या कापडासकट. मुलीला जवळ घ्यावं की बॅग घ्यावी हे न कळून मिस्त्रींनी बॅग घेतली.

प्रयोगशाळेने तिला इथून जवळच्याच एका शहरातल्या प्रदर्शनाला पाठवलं होतं. तिने भांडून एक दिवस मागून घेतला होता. उद्या पहाटेच निघायचं होतं. "मुद्दाम कळवलं नाही," ती म्हणाली. "दोनदा कळवून तुमचा हिरमोड केला. म्हटलं, या वेळी सरळ जाऊन उभं राहायचं."

"बरं केलंस," मिस्त्री म्हणाले आणि गच्चीवर निघून गेले.

टाकीपाशी ते जाळं हातात धरून उभे राहिले. मासे तोंडं वर काढून गोळ्यांची वाट बघत होते. तीन दिवस हवे होते आणि हातात होता एक दिवस. दोन वर्षं ज्या दिवसासाठी धडपड केली तो दिवस असा न सांगता आला होता, आणि आपणच शहाणपणा करून टब पालथा घातला होता. त्यांना स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मागून ठमी आली. "बाबा, हे ते? केवढे झालेत."

मिस्त्रींनी तिला तीन दिवसांचं सगळं सांगितलं. टब दाखवला. दोनदा काय झालं तेही सांगितलं, जे फोनवर कधी सांगितलं नव्हतं. ती टबाच्या कडेवर हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "काही होत नाही रे. काढ एक. मला आजच खायचाय."

मिस्त्रींनी सगळ्यांत मोठा काढला. खवले काढले, पोट साफ केलं, दहा पाण्यांनी धुतला. मीठ चोळलं, लिंबू पिळलं, लसूण नेहमीच्या दुप्पट घातला. तुकड्या कडक तळल्या. स्वयंपाकघरात ठमी मदतीला आली तेव्हा तिने विचारलं, "पाण्याचे ग्लास कुठे ठेवता आता?" ते जिथे कायम असायचे तिथेच होते.

तिघं जेवायला बसली. मिस्त्रींनी आधी स्वतः घास घेतला. पहिल्याच घासाला चिखल लागला. लसणाच्या आडून, लिंबाच्या आडून, पण लागलाच. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून खाऊ लागली. मिस्त्रींनी ठमीकडे बघितलं. सात वर्षांची असताना या पोरीने एकदा भर पाहुण्यांत ताट सारून सांगितलं होतं, "बाबा, हा मासा आंघोळ न करता आलाय." सगळे हसले होते, मिस्त्री ओशाळले होते, आणि त्या दिवसापासून तिच्या जिभेवर पास झाल्याशिवाय घरात मासा कुणाच्या पानात पडत नसे.

ठमीने घास खाल्ला. थोडं पाणी प्यायली. "छान झालाय," ती म्हणाली.

"खरं सांग. वास येतोय ना?"

"नाही रे. मस्त आहे. वाढ ना अजून एक."

मिस्त्रींनी दुसरी तुकडी वाढली. तिने तीही संपवली, काटे नीट ताटाच्या कडेला लावले, आणि सगळं आवरायला उठली.

पहाटे गाडी आली. ठमीने दोघांना घट्ट मिठी मारली, पुढच्या वेळी मोठी रजा घेऊन येते म्हणाली, आणि गेली. दिवस उजाडला तरी मिस्त्री गच्चीवर गेले नाहीत. बायकोने चहा आणून ठेवला.

"आता काय झालं? आली, भेटली, दोन तुकड्या खाल्ल्या. कौतुक केलं. आणखी काय हवं माणसाला?"

मिस्त्रींनी कप बाजूला सारला.

"ताट सारून म्हणायला हवं होतं तिने, बाबा, घाण लागतोय," ते म्हणाले. "तेवढं म्हणाली असती ना, तर वाटलं असतं, आपली पोरगी घरी आली."